'वाझातो' म्हणजे मुद्दाम, पण कोणते मुद्दाम?

प्रश्नकर्ते पुण्यातील एका कंपनीत काम करतात, त्यांचे वरिष्ठ जपानी आहेत आणि ते स्वतः एन३ या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या मधल्या पातळीची तयारी करत आहेत. शब्दकोशात 'वाझातो' या क्रियाविशेषणासमोर 'मुद्दाम, हेतुपुरस्सर' असा अर्थ वाचून त्यांनी एके दिवशी वरिष्ठांना सांगितले, "क्यो वा वाझातो हायाकु किमाशिता", म्हणजे 'आज मी मुद्दाम लवकर आलो'. वरिष्ठ क्षणभर गोंधळले, हसले आणि विषय बदलून मोकळे झाले. आता त्यांना तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो नेहमी वाईट अर्थानेच वापरतात का, आणि ज्यूदोमधल्या 'वाझा' या शब्दाशी त्याचे काही नाते आहे का.

मी बावीस वर्षे जपानी भाषा शिकवतो आणि अधूनमधून दुभाषा म्हणून बैठकांना बसतो. ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी करतेच, आणि ती करणारा विद्यार्थी बहुधा अभ्यासू असतो, कारण ज्याने शब्दकोश उघडलाच नाही तो हा शब्द वापरायला धजावत नाही. माझ्या मते अडचणीचे मूळ आपल्या 'मुद्दाम' या शब्दात आहे. हा शब्द मराठीत फार मोठा प्रपंच सांभाळतो. "त्याने मुद्दाम धक्का मारला" यातला 'मुद्दाम' तक्रारीचा असतो. "एवढ्या उन्हात मुद्दाम आलात, फार बरे वाटले" यातला कौतुकाचा आणि कृतज्ञतेचा असतो. "येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो" यातला तर लेखकाच्या ठामपणाचा असतो. आपण एकच शब्द तिन्ही ठिकाणी सहज वापरतो आणि ऐकणाराही प्रसंगावरून अर्थ लावतो. जपानी भाषेत मात्र या तीन जागांसाठी तीन वेगळे शब्द आहेत: पहिल्या जागी 'वाझातो', दुसऱ्या जागी 'वाझावाझा' आणि तिसऱ्या जागी 'आएते'. त्यांची अदलाबदल केली की वाक्याचे व्याकरण शाबूत राहते आणि भावना मात्र उलटीपालटी होते.

(उच्चाराविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. येथे मी 'झ' लिहीत असलो तरी तो 'झाड'मधला जड 'झ' नाही. 'जरा', 'जसा' या शब्दांत आपण जो दंत्य 'ज' उच्चारतो, त्याच्या तो अधिक जवळचा आहे.)

आता उगमाकडे वळतो, कारण उगम समजला की वापराचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. 'वाझातो' या शब्दाचे दोन भाग आहेत. 'वाझा' म्हणजे कृत्य, कर्म, करणी, आणि 'तो' हा नामाला किंवा अनुकरणवाचक शब्दाला लागून त्याचे क्रियाविशेषण बनवणारा प्रत्यय आहे. 'शिझेन' म्हणजे निसर्ग आणि 'शिझेन तो' म्हणजे आपसूक. त्याच घडणीने 'वाझा' म्हणजे कृत्य आणि 'वाझातो' म्हणजे 'कृत्य म्हणून'. हेतू, इरादा किंवा मन या अर्थाचा कोणताही घटक या शब्दात नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठीतला 'हेतुपुरस्सर' हा शब्द करणाऱ्याच्या मनाकडे बोट दाखवतो, तर 'वाझातो' हा शब्द मुळात कृतीच्या स्वरूपाकडे बोट दाखवतो: जे आपोआप घडले असते किंवा घडायला हवे होते, ते येथे कोणीतरी 'केले' आहे.

ज्यूदोबद्दलचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे. ज्यूदोमध्ये पंच 'वाझा-आरि' असा पुकारा करतो, म्हणजे 'येथे कौशल्य दिसले', आणि त्यातला 'वाझा' हा याच घराण्यातला शब्द आहे. तो कौशल्य किंवा डाव या अर्थाने लिहिताना 'तंत्र' या अर्थाची कांजी, म्हणजे चिनी मुळाचे अक्षर, वापरतात, तर काम किंवा कृत्य या अर्थाने लिहिताना दुसरी कांजी वापरतात. ही दुसरी कांजी आपल्यासाठी विशेष रोचक आहे, कारण चिनी वळणाच्या उच्चाराने तीच 'गो' अशी वाचली की तिचा अर्थ बौद्ध परंपरेतील कर्म असा होतो. संस्कृतमधील 'कर्म' या संज्ञेचे चिनी भाषांतर ज्या अक्षराने झाले, तेच अक्षर जपानी लोकांनी आपल्या देशी 'वाझा' या शब्दासाठी घेतले.

'वाझा'चा आणखी एक जुना पदर आहे, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. प्राचीन जपानी भाषेत 'वाझा' हे साधे काम नसून ज्यामागे काही गूढ किंवा दैवी आशय दडला आहे असे कृत्यही असे. संकट किंवा अरिष्ट या अर्थाच्या 'वाझावाइ' या शब्दात हाच 'वाझा' आहे. 720 साली पूर्ण झालेल्या 'निहोन शोकि' या इतिहासग्रंथात 'वाझाउता' नावाची गाणी येतात. ती लोकांच्या तोंडी अचानक रुळत आणि पुढे घडणाऱ्या राजकीय उलथापालथीची ती पूर्वसूचना होती असे मानले जाई. त्याच ग्रंथात सूर्यदेवता गुहेत दडून बसते तेव्हा तिला बाहेर काढण्यासाठी आमे-नो-उझुमे ही देवता जे नाचगाणे करते त्याला 'वाझाओगि' म्हटले आहे, आणि पुढे हाच शब्द नटासाठी वापरला गेला. आता आपल्या 'करणी' या शब्दाकडे पाहा. 'जशी करणी तशी भरणी' म्हणताना करणी म्हणजे साधे कृत्य असते, पण 'त्याच्यावर कोणीतरी करणी केली आहे' म्हणताना तोच शब्द अंगावर काटा आणतो. दोन्ही भाषांमध्ये 'केलेली गोष्ट' या साध्या शब्दावर 'मागे कोणीतरी आहे' अशी सावली पडली आहे. या दोन शब्दांचा एकमेकांशी वंशसंबंध अर्थातच नाही, परंतु वर्गात 'वाझा' शिकवताना मी 'करणी' हा शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढचे स्पष्टीकरण विद्यार्थीच देतात.

येथून 'मुद्दाम' या आजच्या अर्थापर्यंतचा प्रवास मात्र सरळ झालेला नाही. हेइआन काळात, अकराव्या शतकाच्या सुरुवातीस, मुरासाकि शिकिबु या लेखिकेने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारि' या राजपुत्र गेंजीच्या कथेच्या पहिल्याच प्रकरणात हा शब्द भेटतो. बाल गेंजीची सातव्या वर्षी शिक्षणाला सुरुवात होते, आणि त्याच्या बुद्धीचे वर्णन करताना लेखिका म्हणते की 'वाझातो नो' विद्याभ्यासाचे तर काही विचारायलाच नको, पण वीणा आणि बासरी यांच्या सुरांनीही त्याने राजवाडा दुमदुमवून सोडला. येथे 'वाझातो नो' याचा अर्थ 'मुद्दाम केलेला' असा लावला तर वाक्य हास्यास्पद होते. तेथे अर्थ आहे रीतसर, औपचारिक, खास काम म्हणून अंगावर घेतलेला अभ्यास, म्हणजेच चिनी ग्रंथांचे अध्ययन. त्या काळात 'वाझातो' या शब्दात निंदा नव्हती. एखादी गोष्ट सहज हाताळण्याऐवजी ती 'कार्य' म्हणून करणे, एवढाच भाव होता.

तीनशे वर्षांनी, 1330 च्या आसपास, योशिदा केन्को या संन्यस्त लेखकाच्या 'त्सुरेझुरेगुसा' या स्फुटलेखांच्या संग्रहामध्ये हाच शब्द नकारार्थी रूपात येतो, आणि माझ्या दृष्टीने या शब्दाच्या चरित्रातील ती सर्वांत सुंदर जागा आहे. दहाव्या खंडात घर कसे असावे याविषयी लिहिताना तो भपकेबाज, नव्या चालीच्या घरांपेक्षा जुनी झाडे असलेले घर पसंत करतो आणि त्या घराच्या बागेतील गवताला 'वाझातो नारानु' हे विशेषण लावतो, म्हणजे 'जे कोणी मुद्दाम केलेले वाटत नाही असे'. बत्तिसाव्या खंडात तो एका रात्री चांदणे पाहत फिरताना कोणाबरोबर तरी एका घरी जातो. अंगण ओसाड आहे, दव दाट पडले आहे, आणि आतून धूपाचा मंद गंध येतो आहे. त्या गंधालाही तो 'वाझातो नारानु' असेच म्हणतो. पाहुणा येणार म्हणून घाईघाईने पेटवलेला तो धूप नव्हे, त्या घरातील बाई एरवीही तशीच राहते, हे त्या दोन शब्दांतून कळते. जे 'न केलेले' वाटते ते सुंदर, ही दृष्टी एकदा रुजली की 'केलेले' या शब्दाला उणेपणा चिकटणारच. आज कृत्रिम हास्याला किंवा ओढूनताणून केलेल्या स्तुतीला जपानी माणूस 'वाझातोराशिई' म्हणतो. आपल्या 'कृत्रिम' या शब्दाचेही असेच झाले आहे. तो 'कृ' या धातूपासून आला आहे, त्याचा मूळ अर्थ 'केलेले, बनवलेले' इतकाच आहे, आणि तरीही कोणाचे वागणे कृत्रिम आहे असे आपण म्हटले तर ती स्तुती होत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की 'वाझातो' नेहमीच वाईट अर्थाने येतो असे नाही, पण त्याला एक अट लागते. ज्या गोष्टी माणसाच्या हातून एरवी चुकून, नकळत किंवा नाइलाजाने घडतात, अशाच गोष्टींना तो शोभतो: पडणे, हरणे, चुकणे, विसरणे, उशीर होणे. 'वाझातो माकेरु' म्हणजे मुद्दाम हरणे. लहान मुलाबरोबर पत्ते खेळताना आजोबा मुद्दाम हरतात, तेव्हा हाच शब्द वापरतात आणि त्यात प्रेमच असते. तरीही आजोबांनी आपली कृती झाकली आहे, हरणे खरे वाटावे अशी व्यवस्था केली आहे, हे सूचन तेथेही आहेच. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी देतो. जपानी भाषेत अनवधानाने या अर्थाचा 'उक्कारि' असा शब्द आहे. तुमच्या वाक्यात 'वाझातो'च्या जागी 'उक्कारि' ठेवून पाहावे. 'मी चुकून हरलो', 'मी चुकून चूक लिहिली' ही वाक्ये संभवतात, म्हणून तेथे 'वाझातो' चालतो. 'मी चुकून लवकर आलो' हे वाक्य मात्र विचित्र आहे, आणि म्हणूनच 'वाझातो लवकर आलो' हेही विचित्र आहे. प्रश्नकर्त्यांच्या वरिष्ठांच्या कानांना ते साधारण असे लागले असेल की 'मी काहीतरी मनात धरून, तुम्हाला कळू न देता लवकर येऊन बसलो'. ते हसले ते म्हणूनच.

ही कसोटी प्रत्येक वेळी चालेल असा माझा दावा नाही. 'वाझातो मोठ्या आवाजात बोलला' या वाक्यात चुकून हा पर्याय फारसा बसत नाही, तरी ते वाक्य रोज ऐकू येते. तेथे दुसऱ्याला ऐकू जावे म्हणून केलेला देखावा अभिप्रेत असतो. बोलणारा कोण, कोणाशी आणि कोणत्या सुरात बोलतो आहे, यावर बरेच काही अवलंबून राहते.

एक प्रसंग सांगतो. मी काही महिने नागोया येथे राहत असताना शेजारच्या घरात दोन लहान भाऊ होते. धाकट्याने ठोकळ्यांचा उंच मनोरा रचला होता आणि थोरल्याचा पाय लागून तो कोसळला. धाकटा ओरडला, "वाझातो देशो!", म्हणजे 'तू मुद्दामच केलेस ना!' त्यावर थोरला, "वाझातो जा नाइ मोन!", म्हणजे 'मुद्दाम नाही केले!' त्यांच्या आईने त्या दोघांच्या वादात न पडता थोरल्याला एवढेच सांगितले की मुद्दाम नसले तरी माफी माग. जपानी मूल हा शब्द शब्दकोशातून शिकत नाही, तो असा भांडणात शिकते, आणि म्हणून मोठेपणीही त्या शब्दाला आरोपाचा वास राहतो.

याच प्रसंगात मराठी भाषकासाठी व्याकरणाचा एक धडा दडलेला आहे. आपण "माझ्या हातून कप फुटला" असे म्हणतो, कारण "मी कप फोडला" म्हटले की ते मुद्दाम केल्यासारखे वाटते. जपानी भाषेत उलट आहे. तेथे "कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता", म्हणजे शब्दशः 'मी कप फोडून बसलो', हेच सभ्य वाक्य आहे आणि त्यात हेतूचा आरोप अजिबात नाही. 'वाझातो' जोडल्याशिवाय तो येत नाही. आपली मुले 'मी फोडला' म्हणायला घाबरतात आणि 'कप फुटला' याचे सरळ भाषांतर करतात, तेव्हा ऐकणाऱ्या जपानी माणसाला ते अंग काढून घेतल्यासारखे वाटते. पाकीट हरवले तरी तेथे 'मी पाकीट पाडले' असेच म्हणतात. ज्या भाषेत सकर्मक क्रियापद हेतूविषयी मौन पाळते, त्या भाषेत हेतू सांगण्यासाठी वेगळा, ठळक शब्द लागणारच.

'वाझावाझा' हा 'वाझा'चीच द्विरुक्ती करून झालेला शब्द आहे, आणि त्याने हेइआन काळातील तो जुना भाव, म्हणजे 'खास काम म्हणून', अजून जपून ठेवला आहे. एखाद्याने न केले तरी चालले असते असे काही कष्ट घेऊन केले की तेथे 'वाझावाझा' येतो. "वाझावाझा ओकोशि इतादाकि, आरिगातो गोझाइमासु", म्हणजे 'आवर्जून, एवढी तसदी घेऊन आलात, आभारी आहे', हे वाक्य कार्यालयात पाहुण्यांच्या स्वागतासाठी रोज वापरले जाते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने ओसाकाहून आलेल्या पाहुण्यांचे स्वागत करताना या वाक्यात 'वाझावाझा'ऐवजी 'वाझातो' म्हटले. त्यामुळे 'आपण काही डाव मनात ठेवून आलात, त्याबद्दल आभार' असा काहीसा अर्थ झाला. पाहुणे सुजाण होते, त्यांनी मान लववली. मी मात्र बाजूला उभा राहून चहाच्या कपात पाहत राहिलो. या शब्दाचीही एक खोच आहे. तो दुसऱ्याच्या कष्टांबद्दल वापरला तर आदर होतो, पण 'मी वाझावाझा आलो' असे स्वतःबद्दल म्हटले तर उपकाराची जाणीव करून दिल्यासारखे होते. टोमणा मारण्यासाठीही तो उत्तम आहे: 'हे वाझावाझा सांगायची गरज होती का?'

'आएते'चे कूळ वेगळे आहे. सहन करणे, टिकाव धरणे या अर्थाच्या 'आउ' या जुन्या क्रियापदापासून तो आला आणि चिनी ग्रंथ जपानी पद्धतीने वाचताना 'धजावणे' या अर्थाच्या अक्षरासाठी रूढ झाला. विरोध किंवा धोका दिसत असूनही पाऊल टाकणे, हा त्याचा गाभा. 'मुद्दाम नमूद करतो' याला तोच योग्य.

कार्यालयीन अहवालात किंवा कायद्याच्या भाषेत मात्र या तिघांपैकी कोणीच चालत नाही. तेथे 'कोइ नि' किंवा 'इतोतेकि नि' हे चिनी मुळाचे शब्द वापरतात. 1907 च्या जपानी दंडसंहितेच्या 38व्या कलमाचा विषय 'कोइ' हाच आहे, म्हणजे गुन्ह्याचा इरादा. सुमो कुस्तीचे उदाहरण यासाठी चांगले आहे. ठरवून हरण्याला बोलीभाषेत 'याओचो' म्हणतात. चोबेइ नावाचा एक भाजीविक्रेता मेइजी काळात (1868 ते 1912) एका सुमो गुरूला खूश ठेवण्यासाठी गो या खेळात मुद्दाम हरत असे, त्यावरून हा शब्द पडला असे सांगतात. 2011 साली अशा कुस्त्यांचे प्रकरण उघडकीस आल्यावर ओसाका येथील मार्च महिन्याची स्पर्धा रद्द करावी लागली. घरी बातम्या पाहणारा माणूस 'वाझातो हरले' असे म्हणत असेल, पण सुमो संघटनेच्या अधिकृत परिभाषेत तो प्रकार 'कोइ'मुळे झालेली निरुत्साही कुस्ती असाच नोंदला जातो. तेव्हा गुणवत्ता अहवालात 'कामगाराने वाझातो सुटा भाग उलटा बसवला' असे कृपा करून लिहू नये; ते शाळेतल्या तक्रारीसारखे वाचले जाते.

लिपीबद्दल दोन शब्द. 'वाझातो' हा शब्द कांजीत लिहायचा झाल्यास 'अवस्था, वृत्ती' या अर्थाची कांजी वापरतात, आणि तिच्या तळाशी 'हृदय' हे चिन्ह आहे. ते पाहून 'हृदयातून केलेले म्हणजे मुद्दाम' अशी व्युत्पत्ती सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ती मोहक आहे आणि चुकीची आहे. शब्द आधीपासून जपानी होता, अक्षर नंतर त्यावर बसवले गेले, आणि आज बहुतेक जण तो हिरागाना या साध्या उच्चारलिपीतच लिहितात.

आता प्रश्नकर्त्यांच्या मूळ वाक्याकडे येतो. त्यांना सांगायचे होते की उशीर होऊ नये म्हणून ते विचारपूर्वक लवकर आले. त्यासाठी क्रियाविशेषण शोधण्याची गरजच नव्हती. "हायामे नि किमाशिता" इतके पुरेसे होते, कारण 'हायामे नि' म्हणजे 'वेळेच्या जरा आधीच', आणि त्या 'जरा आधीच'मध्ये माणसाने केलेला विचार आपोआप येतो. पुढच्या कामाची तयारी म्हणून काही केले असेल तर क्रियापदाला 'ते ओकु' जोडावे: कागद आधीच छापून ठेवले, खोलीचे दिवे लावून ठेवले. आपल्या 'करून ठेवणे'मध्ये जी दूरदृष्टी आहे तीच त्यात आहे, आणि मराठी विद्यार्थ्यांना ती रचना पहिल्याच तासाला समजते. उद्या सकाळी बैठकीपूर्वी वरिष्ठांना "शिर्यो ओ इन्सात्सु शिते ओकिमाशिता", म्हणजे 'कागदपत्रे छापून ठेवली आहेत', असे सांगून पाहावे. या वेळी ते गोंधळणार नाहीत.